परीक्षणाची परीक्षा : हौशी रुची आणि आपले निकष

पुस्तक चांगले की वाईट हे कसे ठरवावे, याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पुस्तकाविषयी लिहिलेले परीक्षण चांगले की वाईट हे कसे ठरवावे, याविषयी मात्र फार थोडे. परीक्षणे छापणे ही जोवर नियतकालिकांच्या संपादकांची जबाबदारी होती तोवर हा प्रश्न सामान्य वाचकापुढे उभा राहत नसे. कोणते पुस्तक कोणाकडे द्यायचे, किती जागा द्यायची, काय परत पाठवायचे हे संपादक ठरवीत. त्यांच्या निवडीवर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील परीक्षणांची जागा आक्रसत गेली आणि त्याच काळात महाजालावर हौशी वाचक लिहू लागला. त्याला मानधन नाही, संपादक नाही, शब्दमर्यादाही नाही. तो वाचतो, त्याला काही वाटते, आणि तो ते लिहितो.

या बदलाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्याबरोबर एक जबाबदारी निमूटपणे संपादकाकडून वाचकाकडे आली आहे, आणि तिची जाणीव आपल्याला पुरेशी नाही. निवड आता आपल्याला करायची आहे. शंभर मतांतील कोणते मत विश्वासार्ह, हे आपणच ठरवायचे आहे. इंग्रजीत एखाद्या कादंबरीवर हजारो अभिप्राय जमतात. त्यांतले निम्मे निकामी असले तरी पुस्तकाचे फारसे बिघडत नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट आहे. अशा पुस्तकावर एकुलते एक परीक्षण लिहिले जाते आणि पुढची दहा वर्षे, त्या पुस्तकाचे नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला, तेच सापडते. ते परीक्षण पोकळ असेल तर पुस्तक वाचले गेले आणि तरीही कोणाला कळले नाही, अशी अवस्था होते. म्हणून हौशी परीक्षणाला निकष लावणे हे आम्हांला साहित्यव्यवहारातले निकडीचे काम वाटते.

‘हौशी’ म्हणजे कच्चा नव्हे

प्रथम या शब्दाविषयी. आमच्या व्यवसायबंधूंच्या तोंडी ‘हौशी’ हा शब्द बहुधा नाक मुरडून येतो. पण मराठीत या शब्दाला वेगळी प्रतिष्ठा आहे, ती रंगभूमीने दिली आहे. दिवसा कचेरीत किंवा गिरणीत काम करून रात्री तालमीला उभा राहणारा नट हा हौशी. राज्य नाट्यस्पर्धेत हौशी संस्थांनी जे केले ते व्यावसायिक रंगभूमीला अनेकदा पुढे घेऊन गेले. तेथे ‘हौशी’ याचा अर्थ ‘ज्याला पोटासाठी हे करावे लागत नाही असा’ एवढाच आहे. ‘ज्याला ते जमत नाही असा’ हा अर्थ त्यात कोठेच नाही.

परीक्षणाच्या क्षेत्रातही हौशी वाचकाचे पहिले भांडवल हेच आहे. त्याला या लेखनातून काही मिळवायचे नसते. आमच्या व्यवसायात लेखनाला गुण असतात, गुणांवर पदोन्नती असते, आणि ज्याच्या पुस्तकाचे परीक्षण करायचे तो उद्या निवडसमितीत समोर बसलेला असू शकतो. मराठी साहित्याचे गाव लहान आहे. येथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. त्यातून परीक्षणाची एक ठरावीक भाषा तयार झाली आहे. लेखकाची शैली ‘ओघवती’ असते, निवेदन ‘खिळवून ठेवणारे’ असते, मुखपृष्ठ ‘समर्पक’ असते, ‘किरकोळ मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते’, पुस्तक ‘संग्राह्य’ ठरते आणि शेवटी लेखकाला ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ दिल्या जातात. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुस्तक-परीक्षण लिहायला सांगितले की नेमकी हीच वाक्ये, याच क्रमाने, आमच्या हाती येतात. ती त्यांनी कोठून तरी वाचलेली असतात, आणि लिहिणाऱ्यांत आमच्यासारखे पदवीधर कमी नसतात.

तेव्हा हौशी परीक्षकाने मोडायची आहे ती ही भाषा. दुर्दैव असे की तो बऱ्याचदा तिचीच नक्कल करतो. जी मोकळीक त्याला फुकट मिळाली आहे ती वापरायची सोडून तो भिडेची भाषा उसनी घेतो.

राजशेखराने केलेली वाचकांची वर्गवारी

वाचकांची वर्गवारी करण्याची कल्पना नवी नाही. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेला राजशेखर, ज्याचा पणजोबा महाराष्ट्राचे भूषण म्हणून ओळखला जाई, त्याने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले. कवीकडे असते ती कारयित्री आणि रसिकाकडे असते ती भावयित्री. म्हणजे नीट वाचणे ही सुद्धा प्रतिभाच आहे, हे त्याने हजार वर्षांपूर्वी मान्य केले. याच ग्रंथात तो आपल्या पत्नीची, अवंतिसुंदरीची, मते नावानिशी आणि काही वेळा इतरांहून वेगळी म्हणून नोंदवतो, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या भावकांचे, म्हणजे आस्वादकांचे, चार वर्ग त्याने दिले आहेत: अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा. सतृणाभ्यवहारी म्हणजे अन्नाबरोबर गवतही खाणारा, ज्याला सगळेच रुचते. मत्सरी तो, ज्याला गुण दिसतात पण ते तोंडाने निघत नाहीत. आणि तत्त्वाभिनिवेशी तो, जो रचनेच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. असा हजारांत एखादा, असे राजशेखरही म्हणतो.

आजची परीक्षणे वाचताना ही वर्गवारी विलक्षण उपयोगी पडते. अमेरिकेतील हॅरिएट क्लाउसनर या बाईंनी ॲमेझॉनवर एकतीस हजारांहून अधिक पुस्तक-परीक्षणे लिहिली. २०१५ साली त्यांचे निधन झाले. त्यांतील बहुतेकांना चार किंवा पाच तारे होते. त्या स्वतः ग्रंथपाल होत्या, वाचनावर त्यांचे प्रेम निःसंशय होते. परंतु ज्याला सगळेच आवडते त्याच्या आवडीचा दुसऱ्याला उपयोग काय? गवत आणि धान्य वेगळे करणे एवढेच तर आपण त्याच्याकडून मागत असतो. राजशेखराने मात्र या वर्गाकडे तुच्छतेने पाहिलेले नाही. नव्याने वाचू लागलेल्या उत्सुक माणसाची ही अवस्था स्वाभाविकच असते. त्याने तेथेच मुक्काम करू नये एवढेच.

अरोचकीविषयी राजशेखराने केलेला भेद आणखी मार्मिक आहे. एकाची अरुची जन्मजात असते, ती शंभर संस्कारांनीही जात नाही. दुसऱ्याची अरुची ज्ञानातून आलेली असते. त्याने पुष्कळ वाचलेले असते म्हणून सामान्य गोष्ट त्याला रुचत नाही, पण खरोखर असाधारण काही समोर आले की तो आनंदाने मान डोलावतो. महाजालावरील झोडपणारी परीक्षणे वाचताना आम्ही हाच एक प्रश्न विचारतो: या माणसाला आजवर काही आवडले आहे का, आणि काय? ज्याच्या दहा परीक्षणांत एक मनापासूनची दाद आहे त्याच्या नऊ नकारांना वजन येते. ज्याच्या दहाही परीक्षणांत नकारच आहे त्याच्याकडून आपल्याला पुस्तकाविषयी काही कळत नाही. त्याच्या स्वभावाविषयी तेवढे कळते.

रुची झाकायची नाही, सांगायची

यावर हमखास येणारे उत्तर ‘आवड ज्याची त्याची’ असे असते. ते खरेच आहे, पण ते संभाषणाचा शेवट म्हणून वापरले जाते, आणि तेथे आमचा विरोध आहे.

आम्हा दोघांची रुची एक नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी आमच्यापैकी एकाला आजही मनापासून आवडते. दुसऱ्याला ती भावविवश वाटते, इतिहासाला मखरात बसवणारी वाटते. वीस वर्षे एका खोलीत बसून शिकवताना हा मतभेद मिटलेला नाही आणि मिटण्याची गरजही आम्हांला भासलेली नाही. परंतु ‘स्वामी’वर एका हौशी वाचकाने लिहिलेले एक टिपण आम्हा दोघांनाही सारखेच चांगले वाटले. त्याने लिहिले होते ते साधारण असे: आपण इतिहास कळावा म्हणून ही कादंबरी वाचत नाही, माधवराव आणि रमाबाई यांच्यातील प्रसंगांत ती जशी रमते तसे रमण्यासाठी वाचतो, थेऊरचा शेवट आधीपासून ठाऊक असूनही प्रत्येक वेळी तो टळावा असे वाटते, ज्यांना पेशवाईच्या राजकारणाचे विश्लेषण हवे असेल त्यांनी दुसरे काही वाचावे.

यात वाचकाने कौल दिला आहे, आणि तो कशाच्या आधारावर दिला हेही सांगितले आहे. ज्याला ‘स्वामी’ आवडते त्याला या टिपणात आपल्या आवडीचे कारण सापडते. ज्याला आवडत नाही त्याला आपल्या नावडीचेही तेथेच सापडते. आमच्या मते चांगल्या परीक्षणाचा मुख्य निकष हाच आहे. परीक्षकाचा कौल आपल्याला पटतो की नाही हे गौण आहे. वेगळ्या रुचीच्या वाचकाला त्या परीक्षणाच्या आधाराने स्वतःचा कौल देता येतो का, हे पाहावे. आम्ही पुस्तके विकत घेतली आहेत ती अनेकदा प्रतिकूल परीक्षणे वाचून. कारण परीक्षकाने आपल्या नापसंतीचे जे कारण दिले होते, तेच आमच्या पसंतीचे होते.

रुची ही आकाशातून पडत नाही, हेही विसरू नये. अभिनवगुप्ताने सहृदय कोणाला म्हणावे हे सांगताना काव्याच्या अनुशीलनाची, सततच्या अभ्यासाची, अट घातली आहे. त्या सरावाने मनाचा आरसा स्वच्छ होतो असे त्याचे म्हणणे. हा अभ्यास विद्यापीठातच होतो असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारप यांच्या भयकथा ज्याने शेकड्यांनी वाचल्या आहेत, त्याच्याकडे त्या साहित्यप्रकाराचे असे निकष असतात की जे आमच्याकडे नाहीत. भीती कोठे उभी राहिली आणि कोठे फसली, धागा लेखकाने प्रामाणिकपणे पेरला की वाचकाला चकवले, हे तो चटकन सांगू शकतो. भयकथेच्या नव्या पुस्तकाविषयी आम्ही त्याचे परीक्षण आधी वाचू, आमच्या विभागातील कोणाचेही नंतर.

आम्ही लावतो त्या चार कसोट्या

पहिली कसोटी नावबदलाची. परीक्षणातील पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव झाकून तेथे दुसरे नाव घालून पाहावे. परीक्षण तरीही जसेच्या तसे लागू पडत असेल तर ते कोणत्याच पुस्तकाचे परीक्षण नाही. ‘मानवी नात्यांचे पदर उलगडणारी’ ही शब्दयोजना मराठीतील निम्म्या कादंबऱ्यांना बसते. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर घरच्या पैशांचा हिशेब ज्या अलिप्तपणे देतो त्याविषयीचे एखादे वाक्य मात्र फक्त ‘कोसला’लाच बसेल. निदान एक वाक्य असे हवे की जे पुस्तक वाचल्यावाचून लिहिता आले नसते.

दुसरी कसोटी संबंध उघड करण्याची. लेखक मित्र आहे, पुस्तक ‘सस्नेह भेट’ म्हणून आले आहे, प्रकाशक ओळखीचा आहे, यात काहीच गैर नाही. मराठीत ते टाळणे जवळजवळ अशक्य आहे. ते सांगावे एवढेच. हेच आपल्या मर्यादांविषयी. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकर यांनी प्रस्तावना लिहिली. ती लिहिताना अनेक शब्द आपल्याला ठाऊक नव्हते, त्यांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले, त्या वस्तीत त्याच्याबरोबर हिंडावे लागले, हे तेंडुलकरांनी लपवले नाही. त्यामुळे त्या प्रस्तावनेचा अधिकार उणावला नाही, उलट वाढला. आपण कोठे उभे राहून पाहतो आहोत हे ज्याने सांगितले त्याच्या नजरेवर विश्वास ठेवता येतो.

तिसरी कसोटी पुराव्याची. ‘भाषा कृत्रिम आहे’ हा आरोप. तो सिद्ध करणारे एक उदाहरण हा पुरावा. पुरावा दिला की वाचक परीक्षकाशी असहमत होऊ शकतो, आणि असहमत होण्याची ही सोय करून देणे हेच परीक्षकाचे सौजन्य होय. ‘कंटाळा आला’ हे विधानही आम्ही नाकारत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयी १९६३ पासून आजवर कितीतरी वाचकांनी तसे म्हटले आहे. परंतु कंटाळा कोठे आला, कशाचा आला, आणि तो कंटाळा हाच कादंबरीचा विषय तर नाही ना, हे विचारण्यापर्यंत जो परीक्षक जातो त्याची नापसंतीही आपल्याला काही शिकवते.

चौथी कसोटी अशी की पुस्तकाला जे साधायचे आहे त्याचा विचार आधी व्हावा, आपल्याला जे हवे होते त्याचा नंतर. मराठी परीक्षणाच्या आरंभकाळातच याचे ठळक उदाहरण आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’चे (१८७४ ते १८८१) चौऱ्याऐंशी अंक मराठी गद्याला वळण देणारे ठरले, हे कोणीही नाकारणार नाही. पण जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना शास्त्रीबुवा त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची थट्टा करण्यात रमले. जो प्रश्न फुले विचारत होते तो मोठाच होता. परीक्षकाची लेखणी मात्र विभक्तिप्रत्ययांत अडकली. परीक्षकाची विद्वत्ता कमी पडली म्हणून हे झाले नाही. आपली मोजपट्टी सोडून दुसरी हाती घेण्याची तयारी नव्हती म्हणून झाले.

यावरूनच, कोणत्या गोष्टी आम्ही निकष म्हणून वापरत नाही, तेही सांगून टाकतो. परीक्षकाचे शुद्धलेखन हा आमचा निकष नाही. मराठीचे अध्यापक असे म्हणतात याचे कोणाला आश्चर्य वाटेल; पण ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल करणारा, वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाने लिहिणारा वाचक पुस्तकाच्या गाभ्याशी पोचलेला असू शकतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक न करणारा वाचक मुखपृष्ठावरच थांबलेला असू शकतो. समीक्षेच्या परिभाषेची समृद्धी हाही आमचा निकष नाही. लांबी नाही. आणि स्तुती की निंदा, हे तर नाहीच.

तारे, नावे आणि खरेपणाची हमी

परीक्षणाऐवजी तारे मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिच्यामागची कल्पना मात्र जुनी आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३९ साली ‘रिव्ह्यूइंग’ नावाची एक पुस्तिका लिहिली. वृत्तपत्री परीक्षणांचा आता वाचकालाही उपयोग नाही आणि लेखकालाही नाही, असे सांगून त्यांनी सुचवले की परीक्षकाऐवजी एक कारकून नेमावा. त्याने पुस्तकाचा सारांश द्यावा आणि पसंतीसाठी तारांकित व नापसंतीसाठी कट्यारीचे चिन्ह उमटवावे. लेखकाला खरे मत हवे असेल तर त्याने वैद्याकडे जावे तसे परीक्षकाकडे जाऊन, शुल्क भरून, खासगीत विचारावे. त्यांचे पती लेनर्ड वुल्फ यांना हे मुळीच पटले नाही आणि त्यांनी आपला मतभेद त्याच पुस्तिकेत टीप जोडून नोंदवला. परीक्षण हे वाचकासाठी असते, लेखकासाठी नसते, हा त्यांचा मुद्दा आम्हांला बरोबर वाटतो.

बाईंचा तो उपरोध आज कारभार झाला आहे. तो चालवायला कारकुनाचीही गरज उरलेली नाही. तारे देणे वाईट नाही. त्यांची सरासरी फसवी आहे. एखाद्या कादंबरीला पन्नास वाचक पाच तारे देतात आणि पन्नास वाचक एक तारा देतात, तेव्हा सरासरी तीन येते. प्रत्यक्षात तीन तारे एकाही वाचकाने दिलेले नसतात. मराठीत ज्या पुस्तकांनी वाचकांची मने दुभंगली ती पुस्तके बहुधा पुढे महत्त्वाची ठरली. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर तर अश्लीलतेचा खटला झाला. अशा पुस्तकांना सरासरी नेहमीच मध्यम ठरवील आणि कोणालाही न दुखावणारे पुस्तक वर ठेवील.

दुसरा प्रश्न नावांचा. टोपणनावाने किंवा निनावी लिहिणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, असे अनेकजण विचारतात. पण निनावी परीक्षणाची परंपरा प्रतिष्ठित आहे. वसंत दावतर यांच्या ‘आलोचना’ या १९६२ साली सुरू झालेल्या मासिकात परीक्षणाखाली परीक्षकाचे नाव नसे. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’नेही परीक्षकांची नावे छापण्यास १९७४ साली सुरुवात केली, तोवर तेथेही तोच प्रघात होता. भीड पडू नये हा त्यामागचा हेतू. फरक एवढाच की त्या निनावी लेखणीमागे जबाबदार संपादक उभा होता. तो नसला की काय घडते हे पुढे दिसले. २००४ साली ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक बिघाड होऊन निनावी परीक्षकांची खरी नावे काही काळ उघडी पडली, आणि कादंबरीकार जॉन रेची यांनी स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच पाच तारे दिल्याचे जगाला कळले. २०१० साली इतिहासकार ऑर्लँडो फायजीस यांनी टोपणनावाने स्वतःच्या पुस्तकाची भलावण आणि प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तकांची निंदा केल्याचे कबूल केले. मत्सरी भावकाला हजार वर्षांनी नवे साधन मिळाले, इतकेच.

या प्रकारांना आळा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये महाजालावरील ग्राहक-परीक्षणांसाठी एक मानक जाहीर केले. ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. अमेरिकेत २०२४ साली खोट्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियम लागू झाला. हे प्रयत्न योग्यच आहेत. मात्र परीक्षण लिहिणारा खरा माणूस आहे का, त्याने वस्तू खरोखर घेतली आहे का, एवढेच अशा व्यवस्था पाहू शकतात. मिक्सर विकत घेणे आणि तो वापरणे यांत अंतर थोडे असते. पुस्तक विकत घेणे आणि ते वाचणे यांत किती अंतर असते हे आपापल्या घरातील कपाटाकडे पाहून प्रत्येकाने ठरवावे. खरेदीची पावती तपासता येते. वाचनाची पावती त्या परीक्षणातच असावी लागते, आणि ती आपल्यालाच तपासावी लागते. टोपणनावाविषयी आमचे मत त्यामुळे साधे आहे. एकाच टोपणनावाने पाच वर्षे सातत्याने लिहिणाऱ्या वाचकाची पत त्याच्या आधीच्या लेखनातून ठरते. त्याचे खरे नाव कळून तीत काही भर पडत नाही.

एक आक्षेप

असे निकष लावले तर आधीच बिचकणारा वाचक लिहायचाच थांबेल, असा आक्षेप आमच्या एका सहकाऱ्याने घेतला. तो गंभीर आहे, कारण मराठीत लिहिणाऱ्या वाचकांची संख्या आधीच थोडी आहे. परंतु हे निकष लिहिण्याचा परवाना मागण्यासाठी नाहीत. लिहावे प्रत्येकाने, हवे तसे. निकष वाचणाऱ्याच्या हाती असावेत, कारण कोणावर विसंबायचे हा निर्णय त्याचा आहे. शिवाय या कसोट्यांपैकी एकीलाही विद्वत्ता लागत नाही. पुस्तक वाचल्याची एक खूण, आपल्या रुचीची एक कबुली, एक उदाहरण, आणि लेखकाला काय करायचे होते याचा क्षणभर विचार: एवढ्याला पदवी नको, चार वाक्ये पुरतात. उलट ‘ओघवती’ आणि ‘संग्राह्य’ या शब्दांमागे लपण्याची गरज उरत नाही म्हणून बिचकणाऱ्या वाचकाला ते सोपेच जावे.

आज जिल्ह्याच्या गावी राहून लिहिणारा, कोणत्याही वर्तुळात नसलेला कथाकार आपला पहिला संग्रह पदरचे पैसे घालून काढतो. त्याच्या पुस्तकाला पुरवणीत जागा मिळण्याची शक्यता फार कमी. आमच्यासारखे अध्यापक ते अभ्यासक्रमात लागल्याशिवाय उघडण्याची शक्यता त्याहून कमी. त्याला वाचक मिळेल तो बहुधा असाच एखादा हौशी, ग्रंथालयातून सहज उचलून आणणारा. त्या वाचकाने ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ दिल्या तर लेखक एक दिवस सुखावेल. त्याने लिहिले की तिसऱ्या कथेतील म्हातारीचे बोलणे खरे वाटते पण तिचा मुलगा वर्तमानपत्रासारखा बोलतो, तर लेखक कदाचित दुखावेल. पण आपण वाचले गेलो हे त्याला कळेल, आणि ती तिसरी कथा शोधत आणखी दोन-चार माणसे त्या पुस्तकापर्यंत जातील.